दाण्याचं कूट, वाळवलेली कलेजी आणि रिंगमधला खून

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रक्ताचे पाट आणि अंधारी गल्ली नसतानाही खुनाची चांगली गोष्ट लिहिता येते, हल्ली तिला सगळे कोझी मिस्टरी म्हणतात, म्हणजे ओळखीची माणसं, छोटं वर्तुळ, खून होतो पण घाण होत नाही आणि शोधणारा पोलीस नसून आपल्यातलाच कोणीतरी असतो. आणि इंदूरमध्ये अशी गोष्ट घडवायची तर मी ती डॉग शोमध्येच घडवेन, असंही त्यात होतं. या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. मी बरीच वर्षं शोमध्ये रिंग स्टुअर्ड म्हणून (कुत्री जजसमोर आणतात त्या दोरी लावलेल्या रिंगणाची, म्हणजे रिंगची, व्यवस्था बघणारी) उभी राहिलेय, घरात कायम कुत्री होती, त्यामुळे या विषयावर जरा भरभरून लिहिलं जाईल.

प्रश्न: ताई नमस्कार. मी डॉग शो कधी प्रत्यक्ष पाहिला नाही, फक्त मोबाईलवर रील्स बघितल्यात. तिथे नेमकं चालतं काय? आणि एका रिबिनीसाठी कोणी कोणाचा जीव घेईल हे वाचकाला पटेल का? (सुदामा नगरमधून एक रिटायर्ड बँकवाले)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. पटेल, पण खून रिबिनीसाठी होतोय असं लिहू नका. रिबीन आणि ट्रॉफी घरी कपाटात जाते हो, खरी गोष्ट असते त्या मागची. चॅम्पियन कुत्र्याच्या पिल्लांना मागणी येते, त्याच्याकडून मादी लावून घ्यायला लोक दुसऱ्या शहरातून गाडी करून येतात, आणि पैशाच्याही आधी असते ती दहा-पंधरा वर्षांची मेहनत, म्हणजे या आजीची ही नात, तिचं पिल्लू, त्याचे खांदे शेवटी हवे तसे आले, आणि ते पिल्लू रिंगमध्ये उभं असताना कोणीतरी म्हणतं की याचे कागद खोटे आहेत, याचा बाप दुसराच आहे. इथे माणूस बिथरू शकतो. मी असे चेहरे जवळून पाहिलेत.

आता चालतं काय ते. जज एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करत नाही, निदान तसं अपेक्षित नसतं, प्रत्येक जातीचं एक लिखित वर्णन असतं त्याला ब्रीड स्टँडर्ड म्हणतात आणि समोरचा कुत्रा त्या वर्णनाच्या किती जवळ जातो ते बघायचं. आधी कुत्र्याला नीट चार पायांवर उभं करतात, जज तोंड उघडून दात बघतो, पाठीवरून खांद्यावरून हात फिरवतो, नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत ना तेही हाताने तपासतो, मग हँडलरला, म्हणजे कुत्र्याला रिंगमध्ये फिरवणाऱ्या माणसाला, पळवतो, सरळ जाऊन परत, कधी त्रिकोणात, कधी गोल. एका कुत्र्याला जेमतेम दोन-अडीच मिनिटं मिळतात. हँडलरच्या दंडावर फक्त नंबर असतो, जजच्या हातात नावांची यादी नसते. नंबर पुकारणं, कोण आलं कोण नाही ते लिहिणं हे स्टुअर्डचं काम. आधी जातीतला बेस्ट, मग ग्रुपमधला (सारख्या प्रकारच्या जातींच्या गटातला) बेस्ट, आणि संध्याकाळी बेस्ट इन शो.

गोष्ट लिहिणाऱ्यासाठी यात सोनं पडलंय! प्रत्येकाची वेळ ठरलेली, प्रत्येकाच्या दंडावर नंबर, गैरहजर असेल तर तशी नोंद. अमुक माणूस सव्वाअकराला कुठे होता हे कळायला सीसीटीव्ही लागत नाही, स्टुअर्डचं रजिस्टर पुरतं. म्हणून माझी डिटेक्टिव्ह नेहमी स्टुअर्ड असेल, मंडपातल्या चहावाल्यालाही मी दुसरा नंबर देईन.

आणि संशय तर या खेळाला जन्मापासून चिकटलेला आहे. पहिला डॉग शो १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला झाला, फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जाती होत्या, बक्षीस म्हणून बंदुका होत्या. त्यात पॉइंटरमध्ये जिंकलेला कुत्रा सेटरच्या जजचा निघाला आणि सेटरमध्ये जिंकलेला पॉइंटरच्या जजचा! लंडनचा केनेल क्लब झाला १८७३ मध्ये आणि आपला केनेल क्लब ऑफ इंडिया १८९६ मध्ये, म्हणजे आपल्याकडेही हे काही कालचं फॅड नाही.

एक करा, लिहायच्या आधी थंडीत एखाद्या शोला जाऊन रिंगच्या दोरीपाशी दिवसभर बसा. मंडपाच्या मागे ग्रूमिंगची टेबलं असतात तिथे जास्त वेळ बसा, कारण भांडणं तिथे होतात.

प्रश्न: मी अर्धी कथा लिहिली आहे. खुनी बेटमध्ये (कुत्र्याला दाखवायचा खाऊ) आर्सेनिक घालतो, हँडलर आणि कुत्रा दोघं मरतात. मैत्रिणीने वाचून कागद परत दिले, म्हणाली कुत्रा मारलास तर पुढे वाचणार नाही. मला हे जरा बालिश वाटलं. तुम्हाला काय वाटतं? (वैशाली नगरमधून एक वाचक)

उत्तर: तुमची मैत्रीण बरोबर आहे आणि त्यात बालिश काही नाही. कोझी वाचणारा माणूस एक भरवसा धरून पुस्तक उघडतो, की यात निष्पाप जीव चिरडला जाणार नाही. माणसाचा खून तो सहन करतो कारण गोष्टीत त्या माणसाने काहीतरी केलेलं असतं किंवा निदान त्याला न्याय मिळणार असतो. कुत्र्याने काय केलंय? तो हँडलरवर विश्वास ठेवून तुकडा खातो. तो मेला तर वाचकाच्या मनात खुन्याबद्दल राग नाही येत, लेखकाबद्दल येतो.

पण तुमच्या कथेत एक फार भारी गोष्ट आहे आणि ती तुम्ही वाया घालवताय, ती म्हणजे बेट. शो न बघितलेल्यांसाठी सांगते, कुत्र्याने रिंगमध्ये कान टवकारून, मान वर करून उभं राहावं म्हणून हँडलर खाऊ दाखवतो, बहुतेक वेळा उकडून वाळवलेली कलेजी किंवा चिकन. एका हातात पट्टा, दुसऱ्याने शेपूट नाहीतर हनुवटी सावरायची, मग तुकडा ठेवणार कुठे? कितीतरी हँडलर तो सरळ स्वतःच्या तोंडात धरतात! दाताने लहान तुकडा तोडायचा आणि कुत्र्याला द्यायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला कसंतरी होतं पण रिंगमध्ये कोणी वळूनही बघत नाही.

म्हणजे एकच घास माणसाच्या तोंडात आणि कुत्र्याच्याही. आता असा पदार्थ शोधा जो कुत्र्याला चालतो आणि त्या एका माणसाला चालत नाही.

मी खूप विचार केला यावर आणि उत्तर आपल्या स्वयंपाकघरात मिळालं, दाण्याचं कूट. तुमचा हँडलर शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेला करा. कलेजीचे तुकडे वाळवताना कोणीतरी त्यांना बारीक कूट चोळलंय, कलेजीच्या वासापुढे दाण्याचा वास दबलाय, नेहमीचं पाऊच, नेहमीची सवय, नजर जजवर, तुकडा तोंडात. काही मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात, घसा आवळतो, बीपी पडतं, माणूस कोसळतो. आजूबाजूचे ओरडतात हार्ट अटॅक, कोणी पाणी मारतं, कोणी छाती दाबतं. आणि कुत्र्याने तोच तुकडा खाल्लाय आणि तो ठणठणीत उभा आहे, म्हणून टीआयपासून (ठाण्याच्या इन्स्पेक्टरपासून) चहावाल्यापर्यंत सगळे छातीठोकपणे म्हणतात की बेटमध्ये काही नव्हतं. कुत्रा जिवंत आहे हाच तुमच्या खुन्याचा सगळ्यात मोठा बचाव! स्टुअर्डबाईंना तीन दिवसांनी कळतं की कुत्रा पास झाला म्हणून घास पास होत नाही. बघा, कुत्रा वाचला आणि कोडं पहिल्यापेक्षा घट्ट झालं.

पीनट बटर मात्र लिहू नका. काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल नावाची साखरेऐवजीची गोडी असते आणि ती कुत्र्यासाठी फार घातक आहे, वाचक घरी कुत्र्याला चाटवतील. साधे भाजलेले दाणे, बिनमिठाचे, एवढंच लिहा.

आता ॲलर्जी वाचकाला आधी कळायला हवी, पण कळली असं वाटता कामा नये. यासाठी आपलं मराठी घर इतकं उपयोगी आहे की काय सांगू. हा हँडलर सकाळी शोच्या आधी त्याच्या ठरलेल्या ठेल्यावर पोहे-जिलबी हाणतो, दोन प्लेट, कारण तो ठेलेवाला दाणे घालत नाही, सेव-जिरावन घालतो. पण रामबागेत मराठी मित्राच्या घरी काकू कांदेपोह्यांची बशी पुढे करतात तर हा हात जोडतो. काकूंना वाटतं, शिष्ट आहे. चतुर्थीला सगळे साबुदाण्याची खिचडी खातात, हा नुसतं मोरधन (वरई) आणि दही मागतो, दाण्याची आमटी नको म्हणतो. तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं त्याला चक्रम, गर्विष्ठ, काटकसरी असं काहीतरी ठरवून मोकळी होतात आणि कारण एकच असतं. वाचकानेही काकूंच्या बरोबरीने त्याला शिष्ट समजायला हवं.

आणि यातूनच खुनी सापडतो. त्याला दोन गोष्टी माहीत असायला हव्यात, एक म्हणजे हा माणूस बेट तोंडात धरतो, ही रिंगमधल्या लोकांना माहीत. दुसरी म्हणजे हा खिचडी का खात नाही, ही उपासाच्या स्वयंपाकघरातल्या लोकांना माहीत. दोन्हीकडे उठबस असलेला माणूस एकच. स्टुअर्डबाईंनी रजिस्टरच्या मागच्या पानावर दोन याद्या करायच्या आणि दोन्हीत येणाऱ्या नावाखाली रेघ मारायची. ते नाव त्यांच्या अगदी जवळच्या मैत्रिणीचं असेल तर मला जास्त आवडेल.

एक भोक बुजवा. शोमध्ये व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, हजर असतो आणि त्याच्या बॅगेत ॲड्रिनलिन असतं, तेच इंजेक्शन अशा वेळी माणसालाही लागतं. मग तो कुठे होता? त्याला त्याच दहा मिनिटांत पार्किंगमध्ये कोणीतरी खोटा निरोप देऊन बोलावलं, एक कुत्री गाडीत बेशुद्ध आहे म्हणून. तो निरोप कोणी दिला हा तुमचा दुसरा धागा. आणि व्हेट बिचारा आयुष्यभर ती दहा मिनिटं मोजत बसणार, त्याला एक प्रसंग द्या.

प्रश्न: कुत्रा कुठल्या जातीचा घेऊ? पूडल छान वाटतो, केस वगैरे. (स्कीम नंबर ७८ मधून एक वाचक)

उत्तर: पूडल चालेल, पण मला विचाराल तर मुधोळ घ्या. आपल्या घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातला कुत्रा, तिथल्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिला आणि तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव चाललं. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात हा होता, सोबत रामपूर हाउंड, राजापालयम आणि हिमालयन शीपडॉग. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांवर मात्र याचं नाव कॅरव्हान हाउंड. एकाच कुत्र्याची दोन नावं, कागदपत्रांच्या भानगडीसाठी आयतं मिळालं तुम्हाला. २०२० मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये देशी जाती पाळा असं सांगितलं तेव्हा मुधोळचंही नाव घेतलं होतं, त्यामुळे पिल्लांना मागणी वाढली हेही गोष्टीत येऊ शकतं.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. या कुत्र्याला परक्याने हात लावलेला आवडत नाही. रिंगमध्ये जज हात फिरवतो तेव्हा तो सहन करतो, डोळे बाजूला करून, अंग ताठ. तर हँडलर कोसळल्यावर त्या गोंधळात त्याचा पट्टा कोणी सोडवला? कोणी त्याला शांतपणे टेबलाकडे नेलं आणि तो गेला? सगळे म्हणतात, आम्हाला नाही माहीत. पण कुत्रा ज्याच्या हाताला सरावलेला आहे असा माणूसच ते करू शकतो. पूडल कोणाहीबरोबर जाईल हो.

प्रश्न: माझ्या कथेत टीआय येतो आणि लगेच ३०२ लावतो. बरोबर आहे ना? (परदेशीपुऱ्यातून एक विद्यार्थी)

उत्तर: नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, खुनाचं कलम आता १०३. नव्या संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे, तुमचा टीआय भलताच गुन्हा लावतोय. गोष्ट त्या तारखेच्या आधीची असेल तर ३०२ ठेवा.

दुसरं, माणूस मैदानात कोसळून मेला तर लगेच खून कोण म्हणेल? आपल्याकडे आधी मर्ग कायम होतो (म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद), पंचनामा, मग एमवाय हॉस्पिटलला पोस्टमॉर्टम, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) लॅबला. आणि आपल्या कथेत व्हिसेऱ्याचा रिपोर्ट येतो तो काय, विष नाही! शेंगदाणा विषाच्या यादीत कुठे असतो. फाइल बंद व्हायला आलेली असताना स्टुअर्डबाई डॉक्टरांना विचारतात की रक्ताचा नमुना ठेवलाय का, त्यात ट्रिप्टेज बघता येईल का. ॲलर्जीच्या झटक्यात हे अनेकदा वाढतं आणि मृत्यूनंतरच्या रक्तातही मोजता येतं. हे बाईंना कसं माहीत? त्यांच्या सुनेला नाहीतर भाचीला लॅब टेक्निशियन करा, इंदूरमध्ये प्रत्येक घरात एक तरी मेडिकल लाइनमध्ये असतोच.

टीआयला मूर्ख मात्र दाखवू नका. त्याच्याकडे एका वेळी चाळीस कामं आहेत, बाईंकडे एकच आहे, एवढाच दोघांत फरक.

प्रश्न: ताई मी आठवीत आहे. कुत्रा साक्षीदार होऊ शकतो का? (लोकमान्य नगर)

उत्तर: बाळा, कोर्टात नाही, पण गोष्टीत त्याच्यासारखा साक्षीदार नाही. फक्त एक नियम पाळ, कुत्र्याने कुत्र्यासारखंच वागायचं. त्याने पंजाने खुन्याकडे बोट दाखवायचं नाही.

कुत्र्याला काय कळतं ते आधी शिकून घे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात दहा कोटींच्या वर. म्हणजे आपल्याला नुसती कलेजी वाटते तिथे त्याला कलेजी वेगळी, दाणे वेगळे, ते चोळणाऱ्या हाताचा साबण वेगळा असं सगळं कळतं. रंग मात्र त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत, निळा आणि पिवळा ओळखतो, लाल-हिरव्यात गोंधळतो. आता गंमत बघ. तुझ्या गोष्टीत एक माणूस म्हणतो, मी मैदानाच्या त्या टोकाला हिरवळीवर अगदी गप्प उभा होतो, वारा माझ्याकडे वाहत होता, कुत्र्याने लांबून माझी लाल टोपी ओळखली आणि धावत आला. हिरव्यावर लाल टोपी? वासही उलट दिशेला? हाक मारल्याशिवाय कसा गेला तो? हाक मारली असेल तर तू जवळ होतास. पकडला!

आणि आपल्या इंदूरची एक गोष्ट घे. आपण २०१७ पासून स्वच्छतेत पहिले येतोय, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, मंडपातही वेगळ्या पेट्या. खुनी बेटचं उरलेलं पाऊच फेकणार कुठे? घाईत त्याने कलेजी असलेलं प्लॅस्टिक पाऊच ओल्याच्या पेटीत टाकलं. कचरागाडीवरचा माणूस ते बाजूला काढतो, कारण प्लॅस्टिक ओल्यात गेलं तर त्याला बोलणी बसतात. पाऊच सापडलं ते पोलिसांमुळे नाही, त्याच्या रोजच्या सवयीमुळे. मला हा माणूस तुझ्या गोष्टीत नक्की हवाय, आणि त्याला शेवटी सगळ्यांसमोर धन्यवाद मिळायला हवेत.

लिहून झालं की मला पाठव, मी वाचेन.

प्रश्न: ताई, राग मानू नका. डॉग शो हीच मुळात क्रूरता आहे, चपट्या नाकाची कुत्री धड श्वास घेऊ शकत नाहीत आणि तुम्ही त्या जगावर गोड गोष्टी लिहायला सांगताय. (स्नेहलतागंजमधून एक वाचक)

उत्तर: राग कशाला मानू, तुमच्या पत्रातली नाकाची गोष्ट खरीच आहे. दिसण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या नाक आत आत ढकललं गेलं आणि त्याची शिक्षा कुत्रा भोगतो, पग आणि बुलडॉग उन्हात कसे घरघरतात ते मी पाहिलंय, एका मे महिन्यात शेजारच्या पगला ओला टॉवेल गुंडाळून दवाखान्यात नेताना माझे हात थरथरत होते. मी शोमध्ये उभी राहिले कारण मला कुत्री आवडतात, आणि त्याच कारणाने मला हे बघवत नाही. दोन्ही खरं आहे.

शोवाल्यांनाही हे टाळता आलं नाही. इंग्लंडच्या क्रफ्ट्स शोमध्ये २०१२ साली पंधरा जातींसाठी नियम केला, जातीत पहिला आलेला कुत्रा आधी स्वतंत्र व्हेट तपासणार आणि मगच तो ग्रुपमध्ये जाणार. त्या वर्षी सहा जातींचे विजेते तिथेच अडले, त्यात पेकिनीज आणि बुलडॉग होते. जजने पहिला नंबर दिलेला, घरचे आनंदाने रडतायत आणि व्हेट म्हणतो, हा आजारी आहे, पुढे नाही जाणार.

तुमचा राग हा माझ्या मते कथेचा सगळ्यात चांगला मोटिव्ह आहे. आपला मेलेला हँडलर असा असेल जो आजारी पिल्लांना खोट्या कागदांवर विकत होता. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी ब्रीडरला रजिस्ट्रेशन सक्तीचं केलंय, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पिल्लाला मायक्रोचिप लागते. हा सगळं धाब्यावर बसवत होता. कोणाच्या तरी घरी त्याच्याकडून घेतलेलं पिल्लू महिन्याभरात गेलं, घरात एक लहान मुलगी होती आणि ती त्यानंतर बरेच दिवस बोललीच नाही. तिची आजी शोमध्ये कॅटलॉग विकायला बसते आणि चतुर्थीला सगळ्यांना खिचडी खाऊ घालते. आता सांगा, वाचक कोणाच्या बाजूने उभा राहील? खून चूकच आहे, स्टुअर्डबाई तिला पाठीशी घालणार नाहीत, पण तिच्या दारात जाऊन उभं राहताना त्यांचे पाय जड झाले पाहिजेत. गोड गोष्ट लिहा असं मी कधीच म्हणणार नाही.

प्रश्न: इंजेक्शन, फोन, खुन्याचं नाव असं सगळं मी शेवटच्या प्रसंगात उलगडते, सगळे मंडपात जमलेत आणि बाई बोलतायत. पाच पानं झालीत. चालेल? (तिलक नगर)

उत्तर: पाच पानं जास्त आहेत, दोन करा. आणि भाषण नको, एक कृती हवी. बाई बेटचं पाऊच टेबलावर ठेवतात, एका बशीत खिचडी ठेवतात, आणि आजी त्या बशीकडे बघत नाही. बाकीचं वाचक जोडतो.

प्रश्न: ताई, कथा पूर्ण झाली, खुनी सापडला, मला वाटलं छान जमली. यजमानांनी वाचली आणि एकच विचारलं, मग त्या कुत्र्याचं पुढे काय झालं? मी गप्प. काय लिहू? (रामबागेतून एक गृहिणी)

उत्तर: तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. माणूस गेला, खटला चालेल, पण रोज सकाळी त्याच्याबरोबर फिरायला जाणारा कुत्रा आता कुठे बसलाय? बहुतेक गोष्टीत तो शेवटच्या पानाच्या आधीच नाहीसा होतो.

मी असं करेन. हँडलर एकटा राहायचा, भाऊ म्हणतो फ्लॅटमध्ये नाही जमणार, कोणीतरी विकत घ्यायला तयार आहे कारण चॅम्पियन आहे. स्टुअर्डबाई त्याला घरी आणतात, विचारून नाही, घेऊनच येतात. महूच्या व्हेटरनरी कॉलेजात तपासून घेतात, सगळं ठीक आहे. पण तो खात नाही. दोन दिवस पाणी पितो फक्त, दाराकडे तोंड करून पडून असतो, कोणी हात लावला की अंग ताठ. बाई त्याला हात लावत नाहीत, त्याच्यापासून चार हातांवर चटईवर बसून भाजी निवडतात, वर्तमानपत्र वाचतात. अशी कुत्री आपल्या वेळेनेच येतात, ओढून नाही.

मग चतुर्थी येते. बाई स्वयंपाकघरात खिचडीसाठी दाणे भाजायला घेतात, हाताला सवय आहे, डोक्यात काहीच नाही. दाणे तडतडायला लागतात, वास घरभर होतो. आणि मागे नखांचा आवाज. तो उठलाय, पहिल्यांदाच, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा आहे, कान टवकारलेले, मान वर, चारही पाय रिंगमध्ये ठेवतात तसे नीट, आणि बाईंकडे नाही तर त्यांच्या मागे, दाराकडे बघतोय, कोणीतरी आत येणार आहे तसं.

बाई गॅस बंद करतात.